फर्माईश तीच, गाणं तेच: कव्हर बँडने ‘नाही’ म्हणावं का?

सहावी तार (धागाकर्ता):
अकरा वर्षं एका कव्हर बँडमध्ये, म्हणजे दुसऱ्यांची गाणी वाजवणाऱ्या बँडमध्ये, गिटार वाजवतोय. जुनं रॉक, बहुतेक सत्तरच्या दशकातलं. गेल्या शनिवारी पहिल्या सेटचं तिसरं गाणं चालू असताना एक गृहस्थ स्टेजपाशी आले आणि आमची गायिका ओळ म्हणत असतानाच तिच्या कानात काहीतरी ओरडले. तिने गाता गाताच मान हलवली. ते गेले, आणि दोन मिनिटांत टिशूपेपरवर काहीतरी खरडून परत आले. कागद माझ्या पायाशी, मॉनिटरवर (आमचा आवाज आम्हालाच ऐकवणाऱ्या स्पीकरवर) ठेवला. मी तो वाचलाही नव्हता, तरी हात कॅपोकडे (तारा दाबून सूर चढवणाऱ्या चिमट्याकडे) गेला होता. सातवा फ्रेट (गिटारच्या मानेवरची सातवी आडवी रेघ). ईगल्सचं ‘हॉटेल कॅलिफोर्निया’.

घरी येऊन हिशोब मांडला. वर्षाला साधारण 60 कार्यक्रम, 11 वर्षं, गाणं साडेसहा मिनिटांचं. झाले 71 तासांच्या वर. म्हणजे जवळजवळ तीन दिवस आणि तीन रात्री मी एकच गाणं वाजवत बसलोय.

त्याच रात्री आम्ही दोन महिने घासून बसवलेलं एक फारसं न ऐकलेलं गाणं वाजवलं. टाळ्या वाजवल्या त्या आमच्याच साउंडवाल्याने.

तर प्रस्ताव असा: पाच गाण्यांची यादी करायची, ती आम्ही वाजवत नाही असं आधीच सांगून टाकायचं. बँडमध्ये तीन विरुद्ध दोन अशी मतं पडली आहेत. मी यादी हवी म्हणणाऱ्या तिघांत आहे. तुमचं काय मत?

रांगेतला तिसरा:
साफ असहमत. ते 71 तास तुमचे, माझे नाहीत. मी वर्षातून दोन-तीनदा बाहेर पडून गाणी ऐकतो, त्यातली साडेसहा मिनिटं मागितली तर एवढा त्रागा? नाटकातला नट दोनशेव्या प्रयोगाला ‘हा प्रवेश करून करून कंटाळलो, आज गाळतो’ असं म्हणतो का? आणि कव्हर बँड ही पाटी तुम्हीच लावून घेतलीत ना? स्वतःची गाणी वाजवा, कोणी चिठ्ठी पाठवणार नाही.

सहावी तार:
नटाच्या कानात ऐन प्रवेशात कोणी ‘दुसऱ्या अंकातलं ते आत्ता करा’ असं ओरडत नाही.

रांगेतला तिसरा:
हे मान्य. मी चिठ्ठीची बाजू घेतोय, कानात ओरडण्याची नाही.

बी साइड:
धागाकर्त्याला +१. आणि हा कंटाळा फक्त नक्कल करणाऱ्यांचा आहे असं समजू नका, ज्यांची गाणी तेही वैतागलेत. लेड झेपेलिनचा गायक रॉबर्ट प्लांटने एका रेडिओ केंद्राला देणगी दिली होती, कारण ते केंद्र त्याच्याच बँडचं ‘स्टेअरवे टू हेवन’ पुन्हा कधी लावणार नाही असं सांगत होतं. रेडिओहेड बँडने आपलं गाजलेलं ‘क्रीप’ कित्येक वर्षं बाजूला ठेवलं. निर्वाणा बँडने 1992 मध्ये ब्युनोस आयर्सला आपल्या सगळ्यात गाजलेल्या गाण्याची नुसती सुरुवात वाजवून लोकांना झुलवलं आणि गाणं वाजवलंच नाही. मूळ मालकांना एवढी मुभा असेल, तर ओझी वाहणाऱ्यांना का नको?

तळटीप:
निर्वाणाचं उदाहरण इथे लागू नाही. तो कंटाळा नव्हता, राग होता. त्यांच्या आधी कॅलॅमिटी जेन नावाचा मुलींचा बँड वाजवत होता आणि प्रेक्षकांनी त्यांना शिव्या घालून, वस्तू फेकून हैराण केलं. त्याचा सूड म्हणून तो झुलवाझुलवीचा प्रकार झाला.

आणि मालकाची तुलना तर करूच नका. प्लांटने नकार दिला की बातमी होते. तुम्ही दिलात की पुढच्या महिन्याचं बोलावणं जातं.

बी साइड:
दुरुस्तीबद्दल आभार. बोलावण्याचं मात्र पटलं नाही. जे बोलावणं एका गाण्यावर टांगलेलं असतं ते तसंही फार टिकत नाही.

तळटीप:
हे वाक्य भाडं भरायच्या दिवशी पुन्हा वाचा.

चार मात्रा:
ड्रमर इथे. भांडण बघून राहवलं नाही.

वाजवायचं की नाही हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. कधी वाजवायचं ते बोला. ओळखीचं गाणं पहिल्या सेटमध्ये जाळून टाकणारे बँड मी खूप पाहिलेत. लोक अजून बसायला खुर्ची शोधतायत, आणि यांचा हुकमाचा पत्ता खाली पडलेला. आम्ही चिठ्ठी घेतो, अंगठा दाखवतो, ‘पुढच्या भागात’ म्हणतो. त्याने तीन गोष्टी साधतात. माणूस खूश होतो, थांबतो, आणि मधल्या वेळात आमची तीन अनोळखी गाणी मुकाट्याने ऐकून घेतो. ही लबाडी आहे का? आहे.

माझीही एक काळी यादी आहे, पण तिचा कंटाळ्याशी संबंध नाही. ‘स्टेअरवे’ आठ मिनिटांचं आहे आणि त्यात ड्रम येतात चार मिनिटं उलटून गेल्यावर. तोवर मी काठ्या मांडीवर ठेवून प्रेक्षकांकडे बघत बसते. नाचणारे आधी थबकतात, मग एकमेकांकडे बघतात, मग एकेक करून जागेवर जाऊन बसतात. मी आत शिरते तेव्हा समोर फरशी मोकळी. गाणं थोर आहे, त्यावर वाद नाही. नाचत्या रात्री ते वाजवू नये, इतकंच.

गळा बसलाय:
गायिका बोलतेय (धागाकर्त्याची नव्हे, दुसऱ्या बँडची). कानात ओरडणाऱ्यांवर वेगळा धागा काढा, मी शंभर प्रतिसाद देईन. एका कानात मॉनिटरचा आवाज, दुसऱ्यात एक अनोळखी माणूस, आणि तोंडाने मी दुसरं कडवं शोधतेय.

पण तुम्हा वादकांना एक दिसत नाही. हातांचा कंटाळा आणि गळ्याचा थकवा वेगवेगळा. बोटं 661 व्यांदा तेच वाजवतील, गळा रात्री अकरानंतर तो वरचा सूर लावायला नकार देतो. मग पट्टी उतरवावी, तर कोणीतरी जाणकार येऊन ‘मूळ पट्टीत नव्हतं’ म्हणतो. त्यांच्यासाठी सांगते. ईगल्सचा गिटारवादक डॉन फेल्डरने ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ची चाल ई मायनर या पट्टीत बांधली होती. गायक डॉन हेन्लीला ती फार उंच पडली म्हणून बी मायनरमध्ये आणली. धागाकर्ते, तुमचा तो सातव्या फ्रेटवरचा कॅपो तिथूनच आलाय. मूळ गायकाला चालतं ते आम्हाला का चालू नये?

मधल्या सुट्टीत:
मग थोडं बदलून वाजवा ना. रेगेच्या ठेक्यात वगैरे. गाणंही झालं आणि तुमचा कंटाळाही गेला.

चार मात्रा:
गंमत म्हणजे त्या चालीचा कच्चा ध्वनिमुद्रित तुकडा पहिल्यांदा ऐकला तेव्हा ईगल्सनेच तिला ‘मेक्सिकन रेगे’ म्हटलं होतं. तुमच्या सूचनेला उशीर झालाय, साधारण 1976 पासूनचा.

सहावी तार:
बदलून पाहिलंय. लोक पहिल्या दोन सुरांना हात वर करतात, आणि ठेका वेगळा आहे हे कळल्यावर हात हळूहळू खाली येतात. ते हात खाली येताना बघणं फार वाईट.

पाठीमागून आवाज:
सगळे गंभीर झालेत म्हणून एक किस्सा. ‘फ्री बर्ड!’ असं ओरडणारा प्रत्येक कार्यक्रमात एक असतोच. लिनर्ड स्किनर्ड या बँडचं 1973 चं गाणं, मूळ ध्वनिमुद्रण नऊ मिनिटांच्या वर. त्यांच्या 1976 च्या लाइव्ह अल्बममध्ये गायक लोकांना विचारतो, कोणतं गाणं ऐकायचंय, आणि लोक ओरडतात. तेव्हा ती खरी मागणी होती. आता ती निव्वळ खोडी झाली आहे, कुठल्याही बँडपुढे, अगदी एकट्या पियानोवाल्यापुढेही. ओरडणाऱ्याला गाणं नको असतं, हशा हवा असतो.

आम्ही एकदा ठरवून ते बसवलं. पूर्ण. शेवटचा लांबलचक गिटारचा भाग न गाळता. दीड महिना गेला त्यात. मग वाट बघत बसलो. तिसऱ्या कार्यक्रमाला मागून आरोळी आली. आमच्या गायकाने शांतपणे माईकवर ‘बरं’ म्हटलं आणि ऑर्गनची सुरुवात झाली. ओरडणाऱ्याचा चेहरा दिव्यात स्पष्ट दिसत होता. आधी हसला, मग मित्रांकडे बघून हसला, मग चौथ्या मिनिटाला मोबाइल कानाला लावून बाहेर गेला. फोन वाजला नव्हता.

उरलेल्यांनी मात्र शेवटपर्यंत ऐकलं. आता ते आमचं शेवटचं गाणं आहे. म्हणजे टोमणा मारायला गेलो आणि गाण्याने आम्हालाच धरलं.

बी साइड:
हा किस्सा माझ्या विरोधात जातोय, पण भारी आहे.

अभ्यासू उंदीर:
या विषयावर संशोधनही झालंय. रॉबर्ट झायोंत्स या मानसशास्त्रज्ञाने 1968 मध्ये दाखवलं की एखादी गोष्ट नुसती पुन्हा पुन्हा समोर आली तरी माणसाला ती आवडायला लागते. त्यामुळे प्रेक्षक तेच मागणार हे मनाच्या घडणीतच आहे. त्यांच्यावर चिडून उपयोग नाही.

तळटीप:
त्या प्रयोगांत अर्थहीन शब्द, चिनी लिपीसारखी चिन्हं आणि अनोळखी चेहऱ्यांचे फोटो होते. गिटार सोलो नव्हता. शिवाय तो न्याय वादकाला लावून बघा. धागाकर्त्यासमोर हे गाणं सगळ्यात जास्त वेळा आलंय, म्हणजे त्यालाच ते सगळ्यात जास्त आवडायला हवं.

अभ्यासू उंदीर:
एका मर्यादेपलीकडे आवड घसरते असंही नंतरच्या अभ्यासांत दिसलंय. धागाकर्ते त्या पलीकडच्या बाजूला उभे आहेत आणि प्रेक्षक अलीकडच्या. दोघंही खरं बोलतायत.

रांगेतला तिसरा:
मी पहिल्याच प्रतिसादात हेच म्हणालो होतो, मानसशास्त्रज्ञाशिवाय.

जुना अँप:
सगळं वाचलं. आता कोणीच न विचारलेलं विचारतो. धागाकर्ते, तुम्ही ते गाणं नीट वाजवता का?

राग मानू नका. तीस वर्षं वाजवतोय आणि शिकवतोयही. माझ्याकडे येणारा प्रत्येक पोरगा ‘स्मोक ऑन द वॉटर’ मला येतं असं सांगतो. दहातले नऊ ते पॉवर कॉर्डवर (सा आणि प एकत्र), पिकने (तार छेडायच्या पात्याने), खसाखसा ओढतात. ज्याचं ते गाणं, तो डीप पर्पलचा गिटारवादक रिची ब्लॅकमोर ते तसं वाजवत नाही. दोन-दोन सुरांच्या जोड्या, चौथ्या अंतराने (सा-म सारख्या), आणि दोन्ही तारा बोटांनी एकदम उचललेल्या. पिकने आधी एक तार वाजते, मग दुसरी. बोटांनी दोन्ही एकाच क्षणी सुटतात. त्या एका फरकाने रिफ (तो पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा तुकडा) लोखंडासारखी वाजते. हे दाखवल्यावर ‘हे तर घासून गुळगुळीत झालंय’ म्हणणारा पोरगा पुढचा अर्धा तास मान वर करत नाही.

‘हॉटेल कॅलिफोर्निया’चंही तेच. शेवटी फेल्डर आणि ईगल्सचा दुसरा गिटारवादक जो वॉल्श आधी आलटून पालटून वाजवतात आणि मग दोन गिटारी एकत्र, सुराला सूर जोडून उतरत जातात. लोक चिठ्ठी पाठवतात ती त्या शेवटासाठी. तुमच्या बँडमध्ये दुसरी गिटार आहे का?

सहावी तार:
नाही. दुसरी ओळ कीबोर्डवर.

जुना अँप:
आणि ती जुळते?

सहावी तार:
पहिल्या दोन फेऱ्या जुळते. मग तो मागे पडतो, मी पुढे जातो, आणि शेवटच्या कॉर्डवर आम्ही भेटतो. अकरा वर्षं असंच चाललंय. कोणी काही बोललं नाही, म्हणून आम्हीही बोललो नाही.

गळा बसलाय:
कोणी बोललं नाही म्हणजे कोणाला कळलं नाही असं नव्हे हो. आम्ही समोर माईक धरून उभ्या असतो तेव्हा सगळं ऐकू येतं.

जुना अँप:
मग तुमच्या 71 तासांतून शेवटची दोन-दोन मिनिटं वजा करा. तेवढं अजून वाजवायचंच राहिलंय.

बी साइड:
हे थोडं दुष्टपणाचं झालं. एखादं गाणं अप्रतिम वाजवूनही त्याचा वीट येऊ शकतो. नव्या गाण्याला टाळ्या न मिळण्याचं दुःख त्याने सुटत नाही. त्यांनी दोन महिने घासलेल्या गाण्याबद्दल कोणीच बोललं नाही, सगळे त्याच एका गाण्यावर बोलतायत. धाग्यातही प्रेक्षकांसारखंच झालं की!

तळटीप:
या बाबतीत तुमच्या बाजूने एक देतो. एकेकाळचा गाजलेला गायक रिक नेल्सन 1971 मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनला जुन्या गाण्यांच्या जलशात गेला, केस वाढवलेले, आणि नवी गाणी वाजवायला लागला. हुर्यो झाली. तो निघून गेला आणि त्या अनुभवावर त्याने ‘गार्डन पार्टी’ लिहिलं, ते 1972 मध्ये तुफान चाललं. म्हणजे जुनी गाणी वाजवणार नाही असं सांगणारं गाणंसुद्धा पुढे लोकांनी मागायचं जुनं गाणं झालं. यातून तुमच्या बाजूने काय निघतं ते मलाही सांगता येत नाही, पण किस्सा खरा आहे.

मधल्या सुट्टीत:
आणि उलटंही एक. आर्नेल पिनेडा कव्हर बँडमध्ये दुसऱ्यांची गाणी गायचा. जर्नी या बँडचा गिटारवादक नील शॉनने 2007 मध्ये यूट्यूबवर त्याच्या चित्रफिती पाहिल्या आणि त्याला थेट जर्नीतच घेतलं. तीच तीच गाणी तो जीव ओतून गात होता म्हणूनच ना?

बी साइड:
लाखात एकाला लॉटरी लागली म्हणून बाकीच्यांनी रोज तिकीट काढायचं?

सहावी तार:
सगळ्यांचे आभार, तळटीप यांचेही. काल बँडची बैठक झाली. यादी पाचावरून दोनावर आली. त्या दोनांत ‘स्टेअरवे’ आहे, चार मात्रा यांच्या कारणासाठी, माझ्या नव्हे. आमच्या ड्रमरला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला, तो म्हणाला मी हे पाच वर्षं सांगतोय. नवं गाणं दुसऱ्या सेटमध्ये हलवलंय, चिठ्ठ्यांच्या आणि त्यांच्या उत्तराच्या मधे. आणि गुरुवारी मी आणि कीबोर्डवाला दोघंच बसतोय, गाण्याशिवाय, फक्त त्या शेवटासाठी. त्याला फोन केला तेव्हा तो जरा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, ‘मला वाटायचं तू पुढे पळतोस.’

जुना अँप:
मेट्रोनोम (लय मोजणारं यंत्र) लावा. कळेल कोण पळतंय.