शब्दचर्चा : 'संयत' शार्डोने आणि 'समतोल' शार्डोने

प्रश्न

वाइनवरच्या एका लेखाचा अनुवाद करते आहे. शार्डोने या पांढऱ्या वाइनच्या एका शैलीला त्यात 'रिस्ट्रेन्ड' आणि 'बॅलन्स्ड' अशी दोन विशेषणं जोडीने येतात. मी 'संयत' आणि 'समतोल' लिहिलं. संपादक म्हणतात, दोन्हींचा अर्थ एकच, एक काढून टाका. काढू का? आणि वाइनला 'संयत' शोभतं का? आपण संयत अभिनय म्हणतो, संयत भाषा म्हणतो.

प्रतिसाद

शोभतं की! अभिनय असो वा वाइन, करणाऱ्याने हात राखून काम केलंय एवढंच सांगायचं असतं. 'बेताची' मात्र नको. 'बेताचं मीठ' ही स्तुती आहे, पण 'बेताची वाइन' म्हटलं की वाचणारा ती सुमार समजणार. वाइनऐवजी एखाद्या गुणाला लावलं तर चालेल : 'पिंपाच्या लाकडाचा वास बेताचा'.

प्रतिसाद

कृपया एकही शब्द काढू नका. 'संयत' हे वाइन करणाऱ्याच्या हाताबद्दल आहे, 'समतोल' हे पिणाऱ्याच्या जिभेला काय लागतं त्याबद्दल.

शार्डोने या द्राक्षाचा स्वतःचा गंध फार ठळक नसतो, त्यामुळे तळघरात जे कराल ते वाइनमध्ये उतरतं. ओक लाकडाची नवी पिंपं वापरली की व्हॅनिला आणि भाजक्या पावाचा वास येतो. मॅलोलॅक्टिक प्रक्रियेत हिरव्या सफरचंदात असतं ते मॅलिक आम्ल बदलून सौम्य लॅक्टिक आम्ल होतं. त्याच वेळी डायअसिटिल तयार होतं, लोण्याचा वास येतो तो त्याचा. द्राक्षं वेलीवर जास्त पिकू दिली की साखर वाढते आणि अल्कोहोल १४ टक्क्यांपुढे सहज जातं. हे सगळं बेतानं केलं, म्हणजे तोडणी थोडी आधी, पिंपं जुनी किंवा सरळ स्टीलच्या टाक्या, तर ती शैली संयत. फ्रान्समधल्या शाब्लीची बरीचशी वाइन अशीच असते.

पण संयत म्हणजे आपोआप समतोल, असं नाही. आधी तोडलेल्या द्राक्षांत चव भरलीच नसेल तर वाइन आंबट आणि पाणचट होते. उलट, पिंपातली भरदार वाइनही समतोल असू शकते. कॅलिफोर्नियात रजत पार आणि जॅस्मिन हर्श या वाइन व्यवसायातल्या दोघांनी २०११ साली 'इन परस्यूट ऑफ बॅलन्स' (समतोलाच्या शोधात) हा उपक्रम सुरू केला, पिनो न्वार आणि शार्डोने या दोनच द्राक्षांसाठी. २०१६ मध्ये त्यांनी तो आपणहून थांबवला. तोवर खडाजंगी झाली ती 'समतोल' याच शब्दावरून. भरदार वाइनच्या बाजूने बोलणाऱ्यांचा सवाल रास्त होता : आमच्या वाइनला तोल नाही, हे ठरवणारे तुम्ही कोण?

माझ्या मते तोल जेवणाबरोबरच नीट कळतो. नुसता घोट घेतला तर संयत शार्डोने जरा अबोल वाटते : लिंबू, हिरवं सफरचंद, बस. मग लोण्यात परतलेल्या माशाचा एक घास खा आणि पुन्हा घोट घ्या. माशाच्या मिठाने आंबटपणाची धार बोथट होते, मघाशी दबलेलं फळ वर येतं, लोण्याचा ओशटपणा तुटतो आणि तोंडाला पाणी सुटून पुढचा घास हवासा होतो. वाइन समतोल नसेल तर इथेच उघडी पडते. माशाची चव पुसून नुसतं लाकूड जिभेवर उरतं, किंवा वाइनच पाण्यासारखी लागते. पदार्थ मात्र विचार करून निवडा. गोड घासानंतर हीच वाइन उगाच आंबट लागते आणि तिखटानंतर अल्कोहोल जाळतं. त्यात वाइनचा दोष नसतो.

प्रश्नकर्ती

पटलं, दोन्ही ठेवते. 'ॲसिडिटी'चं काय करू? 'आम्लता' रसायनाच्या पुस्तकातली वाटते, 'आंबट' म्हटलं की वाइन बिघडली असं वाटतं. शिवाय एका ठिकाणी 'तुरट' लिहून बसले आहे.

प्रतिसाद

'तुरट' आधी काढा. तुरटपणा टॅनिन या द्रव्याचा, तो मुख्यतः सालीतून आणि बियांतून येतो. पांढऱ्या वाइनचा रस आंबवण्याआधीच सालींपासून वेगळा करतात. पिंपातलं लाकूड थोडं टॅनिन देतं, पण लेखातली वाइन संयत, म्हणजे तिथे तेही फारसं नसणार.

प्रयोगशाळेतला आकडा असेल तिथे 'आम्लता'. चवीचं वर्णन असेल तिथे 'आंबटपणा' बिनधास्त लिहा, फक्त सोबत तो काय करतो ते सांगा : 'आंबटपणामुळे तोंड स्वच्छ होतं'. मग कुणी दोष समजणार नाही. वर कुणीतरी 'धार' लिहिलंय, तोही चांगला शब्द आहे.

प्रतिसाद

'धार'ला माझंही मत. लेखात वाइन किती थंड हवी ते दिलं नसेल तर तळटीप टाका : १० ते १२ अंश सेल्सिअस. फ्रिजमधून काढून लगेच ओतली तर फळाचा गंध दबतो आणि धार तेवढी जाणवते. मग तुमचं 'समतोल' वाचून वाचक म्हणेल, कुठे आहे तोल?