रावेरहून नाशिकला वायनरी बघायला जायचंय, आईवडील सोबत आहेत, दोन दिवसात कसं बसवावं?

केळीवाला_रावेर
राम राम मंडळी. आम्ही रावेर तालुक्यातले, घरची केळी. यंदा नाशिकला जायचं चाललंय, मी, बायको, धाकटा भाऊ (वय 20) आणि आईवडील. मला अन् बायकोला वायनरी नीट बघायचीय, टेस्टिंग पण करायचंय. आतापर्यंत वणीच्या गडावर जाताना दिंडोरीकडच्या बागा फक्त गाडीच्या काचेतून बघितल्यात. वडील घेत नाहीत पण त्यांना बाग आतून बघायचीय, छाटणी कधी, पाणी किती, भाव कसा ठरतो हे विचारायचंय, केळी सोडून दुसरं पीक जवळून बघायची त्यांना फार हौस. आई माळकरी आहे, तिला गडावर जाऊन यायचंय, बाकी तिची काही तक्रार नाही पण तिला कुठं अवघडल्यासारखं होऊ नये एवढंच मला वाटतं. 26 जानेवारीला जोडून सुट्टी मिळतेय, तेव्हाच निघू असा विचार आहे. गाडी घरची, चालवणारा मी एकटाच. कोणती वायनरी, मुक्काम कुठं, गड कोणत्या दिवशी, जे माहीत असेल ते सांगा.

धुळेकर_दादा
रस्त्याचं मी सांगतो. रावेर-भुसावळ-जळगाव-धुळे आणि तिथून आग्रा रोडला लागून मालेगाव, चांदवड, पिंपळगाव बसवंत, नाशिक. सव्वातीनशेच्या आसपास किलोमीटर धरा. धुळ्यापासून पुढं रस्ता चांगला आहे, लळिंग, चांदवड, पिंपळगाव असे टोल लागतात. पण भाऊ, तू एकटाच चालवणारा आणि टेस्टिंग पण तुलाच करायचंय, मग परत हॉटेलवर गाडी कोण आणणार? रक्तात 100 मिलीला 30 मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की केस, पहिल्याच वेळी 10 हजारापर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद पण होऊ शकते. दंडाचं सोड, सोबत आईवडील आहेत. माझं स्पष्ट मत, गाडी घरी ठेव आणि भुसावळहून रेल्वेने जा. एक्सप्रेसने चारेक तासात नाशिकरोड, मनमाड सुटलं की लासलगाव-निफाडकडं दोन्ही बाजूला कांदा अन् द्राक्षं, काकांना खिडकीची सीट द्या.

पाचोऱ्याची_नाशिककर
माहेर पाचोरा, आता नाशिकला असते, त्यामुळे दोन्हीकडचं सांगते. पहिली गोष्ट तारीख बदला. 26 जानेवारीला ड्राय डे असतो, त्या दिवशी टेस्टिंगही नाही आणि बाटलीही मिळत नाही, वर जोडून सुट्टी म्हणून सगळी मुंबई-पुणे इकडं लोटते, हॉटेलांचे दर चढलेले असतात. फेब्रुवारीचा पहिला-दुसरा आठवडा धरा, वाईनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च चालते, तेव्हा घड वेलीवरही दिसतात आणि कारखान्यात क्रेट उतरताना पण दिसतात. जून-जुलैत आलात तर हिरवळ छान पण काकांना बघायला घड नाहीत. फक्त त्याच सुमारास सुला वायनरीचा सुलाफेस्ट असला तर तो शनिवार-रविवार टाळा, तिथं गाणीबजावणी आणि तरुण पोरांची गर्दी असते, तुमच्या आईंना त्यात काही करमणार नाही.

कुठं जायचं म्हणाल तर एका दिवसात दोन वायनरी पुष्कळ झाल्या, लोक चार-चार करतात आणि तिसरीपासून जिभेला काही कळत नाही. गंगापूर धरणाच्या बाजूला सुला, यॉर्क, सोमा जवळजवळ आहेत. सुला मोठी, 1999 ची, नाशिकला वाईनसाठी लोक यायला लागले ते मुख्यतः तिच्यामुळं, टूर पद्धतशीर असते, टाक्या, ओकची पिंपं सगळं दाखवतात. पण शनिवारी दुपारनंतर तिथं जत्रा असते म्हणून सकाळी पहिलीच टूर घ्या, ऑनलाइन बुक करूनच या. यॉर्क लहान आहे, निवांत आहे, धरणाचं पाणी समोर दिसतं, तुमच्या आई तिथं चहा घेत आरामात बसतील. इगतपुरीकडं व्हॅलोने आणि ग्रोव्हर झाम्पा आहेत, त्यापण चांगल्या, पण गड करायचा असेल तर ते उलट्या दिशेला पडतं, या वेळी सोडा.

भाऊला मात्र टेस्टिंग मिळणार नाही, महाराष्ट्रात बिअर-वाईनला 21 पूर्ण लागतात, टूरला चालेल. आणि टेस्टिंगला रिकाम्या पोटी जाऊ नका, अत्तर लावू नका, आधी पांढरी मग लाल असंच देतील तसंच घ्या. आधी ग्लास फिरवून वास घ्यायचा, घोट तोंडात फिरवायचा, सगळं गिळायलाच पाहिजे असं नाही, थुंकायला भांडं ठेवलेलं असतं, लाजू नका. पहिल्यांदा पिणाऱ्यांना शेनिन ब्लाँ ही पांढरी वाईन बहुतेक आवडते, सौम्य असते आणि आपल्या तिखट जेवणाशी जमते. सोव्हिन्यॉ ब्लाँ या दुसऱ्या पांढरीला ढोबळी मिरची चिरल्यावर येतो तसा हिरवा वास येतो, शिराझ या लाल वाईनमध्ये मिऱ्याचा झणका.

बागाईतदार_साक्री
काकांसाठी लिहितो, मामांची वाईन द्राक्षाची बाग आहे म्हणून हे रोजचं बघण्यातलं. खायचं द्राक्ष आणि वाईनचं द्राक्ष हे वेगळं प्रकरण आहे. खायच्या थॉमसनचा मणी लांब, मोठा, पातळ सालीचा, बिनबियाचा पाहिजे, त्यासाठी जीएचं (मणी फुगवणारं संजीवक) पाणी देतात, विरळणी करतात. वाईनचा मणी बारीक, साल जाड, आत बिया, कारण लाल वाईनचा रंग त्या सालीतून आणि तुरटपणा साल-बियांतून येतो. लाल करताना रस सालीसकट आंबवतात, पांढरी करताना आधी दाबून रस वेगळा काढतात आणि थंड टाकीत आंबवतात. काकांना क्रशरजवळ नेऊन हे दाखवा. वेलीची मांडणीपण बघा, खायच्या बागेत इंग्रजी वाय अक्षरासारखा आधार किंवा मांडव असतो, वाईनच्या बऱ्याच बागांत तारेवर सरळ उभी भिंत केलेली असते, घड खाली एका ओळीत लटकतात, त्यामुळं ऊन-वारा लागतो आणि भुरी-डाऊनी या बुरशीच्या रोगांना आळा बसतो. छाटणी वर्षातून दोनदा, एप्रिलच्या आसपास खरड छाटणी काडी तयार करायला, आणि पावसाळा संपता संपता फळाची. खुंट, म्हणजे खालचं मुळाकडचं झाड, बहुतेक ठिकाणी डॉगरिज जातीचा असतो, वर पाहिजे त्या जातीचं कलम. तोडणी हाताने आणि पहाटे-सकाळी, ऊन चढलं की माल तापतो. भाव बहुतेक करारावर असतो, जात आणि साखर बघून, रिफ्रॅक्टोमीटरवर रसाचा थेंब टाकून ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, मोजतात, वाईनला बावीस-चोवीसच्या घरात लागतो. आणि एक, जास्त उतारा काढायच्या मागे इथं लागत नाहीत, वेलीवर घड कमी ठेवतात म्हणजे रसात दम येतो. केळीत आपण घडाचं वजन बघतो ना, काकांना हेच आधी विचित्र वाटेल अन् मग तासभर तेच बोलत बसतील. सकाळच्या टूरला गर्दी कमी असली की बागेतल्या माणसाशी बोलायला मिळतं, टूरवाल्या पोराला आधीच सांगून ठेवा की वडील शेतकरी आहेत.

चोपडेकर_वहिनी
गड आधी करायचा की नंतर हे कोणी बोललंच नाही. माझं मत आधी गड. माळकरी बाई आहेत, आदल्या दिवशी घरातल्यांनी घेतलेलं आणि दुसऱ्या दिवशी देवीसमोर उभं राहायचं, त्या तोंडाने बोलणार नाहीत पण मनात राहील. आणि गडावर आता ट्रॉली आहे, पायऱ्यांची काळजी नाही.

केळीवाला_रावेर
वहिनी, हेच मला नीट मांडता येत नव्हतं. पण रेल्वेने गेलो तर शनिवारी आधी गड कसा बसवणार?

पाचोऱ्याची_नाशिककर
शुक्रवारी दुपारची गाडी पकडून रात्री नाशिकला या, अर्धा दिवस रजा टाका. शनिवारी पहाटे आंघोळी करून टॅक्सीने गड, नाशिकहून साठ-पासष्ट किलोमीटर, दुपारपर्यंत परत. संध्याकाळी आराम किंवा पंचवटी. रविवारी सकाळी सुलाची पहिली टूर, दुपारी यॉर्कला जेवण, तिथून थेट नाशिकरोड स्टेशन. परतीचं रिझर्वेशन आधी करा, रविवारी संध्याकाळी जनरलमध्ये आईंना उभं राहावं लागेल. टॅक्सी दोन्ही दिवस एकाच माणसाची ठरवा, थांबायचे तास आधीच बोलून घ्या.

धुळेकर_दादा
हे झकास बसलं. बाटल्या घेतल्या तर बिल जपून ठेव आणि फेब्रुवारीतच संपवायच्या नसतील तर घरात सगळ्यात थंड खोली बघ, कपाटात खाली, खिडकीपासून लांब. आपल्याकडं मे महिन्यात 45 डिग्री होतं, माळ्यावर ठेवलेली वाईन त्यात टिकत नाही. कॉर्कवाली आडवी, झाकणवाली उभी चालते.

केळीवाला_रावेर
तारीख बदलली, फेब्रुवारीचा दुसरा शनिवार. वडिलांना वर साक्रीवाल्या भाऊंनी लिहिलेलं वाचून दाखवलं, ते आता विचारतायत बागेत ठिबक किती लिटरचं असतं आणि तोडणीच्या आधी पाणी तोडतात का? भाऊ, मामांना विचारून सांगाल का?

बागाईतदार_साक्री
तोडणीच्या आधी पाणी कमी करतात, साखर चढावी म्हणून, पण एकदम तोडत नाहीत नाहीतर मणी सुकतो. लिटरचं जमिनीवर आहे, काळी की मुरमाड त्याप्रमाणे बदलतं. मामांकडं संध्याकाळी बोलतो आणि इथंच टाकतो.