गोव्यातल्या सरकारी मराठी शाळेतून मुलाला काढलं. चुकलं का?

डिचोलीची आई:
परवा वाड्यावर एका जाणत्या माणसाने तोंडावर ऐकवलं, "तुमच्यासारख्यांनीच मराठी शाळा मारली." रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

मुलगा दुसरीपर्यंत घराशेजारच्या सरकारी प्राथमिक शाळेत होता. चार वर्ग मिळून अकरा मुलं, बाई एकच. बाई जीव तोडून शिकवायच्या. पण मतदार यादीचं काम आलं की चौथीतली पोर फळ्याजवळ उभी राहून पाढे म्हणवून घ्यायची, आणि बाई दारातल्या टेबलावर अर्ज भरत बसायच्या. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

इंग्रजीचं वेड मला नाही. धास्ती होती ती पाचवीची. आमची शाळा चौथीला संपते. पुढचं हायस्कूल खाजगी अनुदानित, त्याला स्वतःची केजी आणि प्राथमिक. पाचवीच्या जागा आधी त्यांच्या मुलांना, उरल्या तर आपल्याला. शिवाय बालरथ, म्हणजे त्यांची शाळेची बस, दारात येतो, तोही सरकारच्याच पैशाने. सरकारी शाळेच्या मुलांना मात्र पावसात चालायचं.

सत्तरी तालुक्यातला निवृत्त मास्तर:
बाय, तुमची अडचण कळते, तरी पटत नाही. गोवा मुक्तीनंतर पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या सरकारने गावोगाव शाळा काढल्या, म्हणून माझ्यासारखा, दुसऱ्याची जमीन कसणाऱ्या कुळाचा पोर शिकला. माझ्या शाळेत दोन वर्षांत सात दाखले गेले. पट घसरला म्हणून जोडीदार शिक्षकाची बदली झाली. तो गेल्यावर आणखी चार पालक दाखला मागायला आले. एकशिक्षकी शाळा म्हणून तुम्ही मूल काढता, पण ती एकशिक्षकी होते कशी?

पेडणेकर:
मास्तर, दोष पालकांच्या माथी मारू नका. 1990 मध्ये प्राथमिकचं अनुदान मराठी-कोकणीलाच, असं ठरलं. 2011 मध्ये दिगंबर कामत सरकारने ते इंग्रजी माध्यमालाही दिलं. 2012 मध्ये सरकार बदललं, तरी चर्चच्या डायोसेसन शाळांचं अनुदान चालूच राहिलं. इंग्रजी शाळा सरकारी पैशाने चालणार असेल, तर मजुरी करणाऱ्या बापाने मराठी शाळेचा पट राखायला पोर तिथे ठेवायचं का? राग येणार नसेल तर विचारतो, तुमची मुलं कुठे शिकली?

सत्तरी तालुक्यातला निवृत्त मास्तर:
राग नाही. थोरला माझ्याच वर्गात शिकला. धाकट्याच्या वेळी बायको अडून बसली, त्याला वाळपईला घातलं. तेव्हा पटावरून एक नाव मीही कमी केलं. म्हणूनच सांगतो, एकेका नावाने काय होतं ते मला ठाऊक आहे. पण अनुदान बंद केलं म्हणून पालक परत येतील, असंही मला वाटत नाही. ते फी भरतील, कर्ज काढतील.

पेडणेकर:
मग शाळेलाच केजी जोडा. अंगणवाडीतून सुटलेलं मूल तिथेच राहील. वयाच्या तिसऱ्या वर्षी गणवेश घालून एकदा बसमध्ये चढलं, की ते परत येत नाही.

डिचोलीची आई:
मास्तर, खरं बोललात, बरं वाटलं. माझी धाकटी अंगणवाडीत आहे. दुसरा शिक्षक कायमचा, आणि पाचवीला हायस्कुलात जागा, एवढं खात्याने लेखी द्यावं. तिला मी घराशेजारीच घालते.