'दाजिबा' ते 'खुपते': अवधूत गुप्ते आपल्याला प्रथम कुठे भेटले?

२००२ साली 'ऐका दाजिबा' आले तेव्हा मी पुण्यातल्या एका वसतिगृहात राहत होतो. तिथल्या सामाईक खोलीतल्या टीव्हीवर दिवसभर संगीतवाहिन्या चालू असत, आणि पंजाबी-हिंदी पॉप गाण्यांच्या त्या रांगेत एके दिवशी मिलिंद गुणाजी आणि ईशा कोप्पीकर पडद्यावर दिसू लागले व वैशाली सामंत यांचा आवाज खोलीभर घुमला. शब्द मराठी होते. खोलीतल्या बिहारी आणि राजस्थानी मुलांनी आम्हाला 'दाजिबा' म्हणजे काय असे विचारले, तेव्हा बहिणीच्या नवऱ्याला दाजी म्हणतात इतके सांगून आम्ही गप्प झालो, कारण त्या दाजीला नेमके काय ऐकायला सांगितले जात आहे याकडे आमच्यापैकी कोणीच लक्ष दिले नव्हते. संगीतकाराचे नाव, अवधूत गुप्ते, मात्र मी त्या दिवशी लक्षात ठेवले.

पुढे सहा वर्षांनी, २००८-०९ मध्ये, त्या गाण्याचा संगीतकार आणि त्याची गायिका ही जोडी 'सारेगमप लिटिल चॅम्प्स'मध्ये परीक्षक म्हणून शेजारी-शेजारी बसलेली महाराष्ट्राने पाहिली. मग 'खुपते तिथे गुप्ते' हा त्यांचा गप्पांचा कार्यक्रम आला, चित्रपट आले, दुसऱ्या वाहिनीवर 'सूर नवा ध्यास नवा' ही गायनस्पर्धा आली. सोनू निगम यांचा प्रवास याच्या उलट दिशेने झाला होता. १९९५ साली 'सारेगम'चे सूत्रसंचालक म्हणून ते घराघरांत पोहोचले आणि त्यांच्या 'दीवाना' या अल्बमची लाट त्यानंतर आली. गुप्ते यांच्या बाबतीत गाणे आधी होते आणि खुर्ची नंतर. आपण त्यांना प्रथम कशातून ओळखले आणि ती ओळख पुढे बदलली का, हे आपापल्या प्रसंगांसह लिहावे, अशी विनंती आहे. ते चांगले की वाईट, असा कौल मात्र नको.

*

मी सांगली भागातल्या एका वाद्यवृंदात पंधरा वर्षे कीबोर्ड वाजवत होतो. आमच्या कार्यक्रमाचा साचा ठरलेला होता: सुरुवातीला गणेशवंदना, मग भावगीते, त्यानंतर जुनी हिंदी गाणी, आणि रात्री दहाच्या पुढे पब्लिक नाचायला उठले की फक्त हिंदी. मराठीत नाचायला कोळीगीते आणि काही लोकगीते होती, परंतु महाविद्यालयीन मुले त्यांवर थट्टेने नाचत. 'दाजिबा'च्या वेळी मी पहिल्यांदा असे पाहिले की जीन्स घातलेली मुले मराठी गाण्याची चिठ्ठी मंचावर पाठवत होती आणि ते गाणे दोनदा झाल्यावरही तिसऱ्यांदा मागत होती.

वाजवणाऱ्याच्या बाजूने सांगायचे तर ते गाणे वाटते तितके सोपे नाही. शब्दांची ठेवण पारंपरिक, चालीचा डौल गावाकडचा, आणि खाली सगळी आधुनिक ताल-यंत्रणा. आमच्या ढोलकीवाल्याने ते पहिल्या तालमीत लावणीसारखे उचलले आणि ऑक्टोपॅडवाला डिस्कोच्या अंगाने गेला, त्यामुळे दोघांची गाठ पडायला एक अख्खी रविवारची दुपार गेली. ती गाठ ज्याने मुळात घातली त्याला दोन्हीकडचे कळते, असे त्या दुपारी आमच्या ढोलकीवाल्यानेच मान्य केले, आणि तो सहसा कोणाचे काही मान्य करत नसे. पुढे गुप्ते टीव्हीवर दाद देताना दिसू लागले तेव्हा माझ्या घरचे लोक त्यांच्या बोलण्यावर हसत, मला मात्र ती दुपार आठवत असे.

*

माझे ठाण्यात कॅसेट-सीडीचे दुकान होते. वर दिलेली हकिगत वाचून जे बोलावेसे वाटते ते कलेविषयी नसून धंद्याविषयी आहे; तरी ते इथे सांगणे आवश्यक आहे, कारण त्याशिवाय एक पॉप गायक परीक्षकाच्या खुर्चीकडे का वळतो हे पुरते कळत नाही.

खाजगी मराठी अल्बमांचा बहर मी गल्ल्यावरून पाहिला. 'दाजिबा'ची कॅसेट सागरिका कंपनीची होती, आणि ती मागायला येणाऱ्यांत अमराठी गिऱ्हाईकही असे. ते गिऱ्हाईक बहुधा नाव न घेता चाल गुणगुणून दाखवत असे. त्या काळात माझ्या दुकानात मराठी कॅसेट म्हणजे भक्तिगीते, नाट्यगीते, भावगीते आणि भीमगीते अशी सरळ विभागणी होती, आणि या नव्या मालासाठी मला वेगळा खण करावा लागला. त्या खणावर मी हाताने 'मराठी पॉप' अशी चिठ्ठी लावली होती.

तो खण चार-पाच वर्षांपेक्षा अधिक टिकला नाही. रस्त्यावर एमपीथ्रीच्या चकत्या आल्या, एका चकतीत शंभर-सव्वाशे गाणी मिळू लागली आणि तिची किंमत माझ्या एका कॅसेटएवढी किंवा त्याहूनही कमी होती. नंतर लोकांनी मोबाइलवर गाणी भरून घ्यायला सुरुवात केली. माझ्या शेजारच्या मोबाइलवाल्याकडे रांग असे आणि माझ्याकडे जुने ओळखीचे लोक नुसते गप्पा मारायला येत. गाणे ऐकले जात होते, कदाचित पूर्वीपेक्षा जास्त, पण ते विकत घेतले जात नव्हते. अपवाद कॉलर ट्यूनचा, आणि तिचे महिन्याचे तीस रुपये दूरध्वनी कंपनीच्या बिलातून जात. आठ गाण्यांचा अल्बम करायचा, चित्रफितीवर पैसे घालायचे आणि कॅसेटच्या विक्रीतून ते भरून काढायचे, हा हिशेब मोडला.

हे सगळे २००४ ते २००९ या वर्षांत घडले, आणि गुणी पॉप गायक टीव्हीच्या पडद्यावर येऊन बसले तेही याच वर्षांत. लोक म्हणतात की ते प्रसिद्धीच्या मागे गेले. मी म्हणतो की ज्या दुकानात त्यांचा माल विकला जाई ते दुकानच बंद झाले होते. माझे २०१० च्या दिवाळीनंतर झाले. आता तिथे चष्म्याचे दुकान आहे.

*

मी गेली तीस वर्षे रत्नागिरी जिल्ह्यात गायनाचे वर्ग घेते. विशारद झालेल्या, गुरूंसमोर तंबोरा लावत मोठ्या झालेल्या पिढीची मी, त्यामुळे पॉप गाणी करणारा तरुण मुलांच्या स्वरांना गुण देणार हे ऐकून मी नाराज झाले होते, हे प्रथम कबूल करते.

'लिटिल चॅम्प्स'चे ते पर्व आमच्या जिल्ह्याला जवळचे होते, कारण प्रथमेश लघाटे इकडचा, मुग्धा वैशंपायन पलीकडच्या अलिबागची. आर्या आंबेकर पुण्याची, रोहित राऊत लातूरचा, आणि कार्तिकी गायकवाड, जी शेवटी विजेती ठरली, ती वारकरी वळणाचे गाणे घरातूनच घेऊन आलेली. त्या पर्वात गुण आकड्यांत न देता स्वरांत दिले जात, आणि सर्वांत वरची पायरी 'वरचा सा' ही होती. माझ्या वर्गातली आठ वर्षांची मुले त्या काळात गृहपाठालासुद्धा 'नी' किंवा 'वरचा सा' मागू लागली होती. सप्तक शिकवायला मला पूर्वी जितके आठवडे लागत तितके त्या वर्षी लागले नाहीत. हे उपकार मी मानते.

परीक्षकाविषयी माझे मत बदलले ते हळूहळू. गुप्ते शास्त्राची परिभाषा फारशी वापरत नसत, मित्राने मित्राला पाठीवर थाप द्यावी तशी त्यांची दाद असे, आणि मला ते सुरुवातीला उथळ वाटे. मात्र काही आठवड्यांनी माझ्या लक्षात आले की मी स्वतः वर्गात जे कधीच बोलत नाही ते हे गृहस्थ बोलत आहेत: शब्दाचा अर्थ चेहऱ्यावर आणि आवाजात कसा उतरतो, माइक जवळ कधी घ्यावा, वाद्यमेळ सुरू असताना गायकाने नुसते उभे राहू नये. आमच्या परंपरेत याला दुय्यम मानतात. त्या मुलांना ते दुय्यम मानून चालणार नव्हते, कारण त्यांच्यापुढे बैठकीतले वीस श्रोते नसून लाखो घरे होती. त्या वर्षीपासून मी दर शनिवारी मुलांना माइक लावून गायला लावते. माझ्या गुरूंना हे आवडले नसते.

तक्रारही आहे. त्या पर्वानंतर माझ्याकडे आलेल्या पालकांपैकी निम्म्यांचा पहिला प्रश्न 'कार्यक्रमात कधीपर्यंत जाईल?' असा असे, आणि तो प्रश्न अजून थांबलेला नाही. ही काही परीक्षकांची चूक नव्हे. २०२१ साली तेच पाच जण नव्या लिटिल चॅम्प्ससमोर परीक्षणाला बसले तेव्हा माझ्या वर्गातल्या पालकांनी तेवढेच पाहिले. मधल्या बारा वर्षांच्या रियाजाविषयी मला कोणी विचारले नाही.

*

माझी मुलगी एका वाहिनीच्या गायनस्पर्धेच्या चाचणीला गेली होती. ही स्पर्धा वेगळी, परीक्षकही वेगळे, म्हणून नावे लिहीत नाही. सकाळी सहा वाजता आम्ही रांगेत उभे राहिलो, तिच्या फ्रॉकला क्रमांकाचा कागद टाचला गेला, आणि दुपारी साडेतीनला तिला आत बोलावून मुखडा आणि अर्धा अंतरा झाल्यावर 'धन्यवाद' म्हणाले. ती रडली नाही, मी रडले. त्यानंतर मी टीव्हीवरचे परीक्षक पाहते ते त्यांच्या शब्दांसाठी नव्हे, तर नापास झालेल्या मुलाकडे ते किती वेळ पाहतात यासाठी. या एका बाबतीत गुप्ते मला बरे वाटत आले आहेत.

*

आम्ही तेव्हा न्यू जर्सीत होतो. 'लिटिल चॅम्प्स'ची अंतिम फेरी २००९ च्या फेब्रुवारीत झाली, तेव्हा बाहेर बर्फ होते आणि पाच मराठी कुटुंबे एका तळघरात कांदेपोहे करून बसली होती. कांदेपोहे हे योगायोगाने नव्हते: 'सनई चौघडे' या चित्रपटातले सुनिधी चौहान यांनी गायलेले कांदेपोह्यांचे गाणे आदल्या वर्षीच आले होते आणि त्याचे संगीतकार तेच, समोर परीक्षक म्हणून बसलेले. यजमानीण बाईंनी ते जुळवून आणले होते. याहून जास्त सांगण्यासारखे माझ्याकडे नाही.

*

मी परळचा. ऐन तारुण्यातली बारा वर्षे मी एका पक्षाच्या शाखेत काढली आहेत. २००६ च्या मार्चमध्ये राज ठाकरे यांनी वेगळा पक्ष काढला तेव्हा आमच्या चाळीत एकाच मजल्यावर दोन झेंडे लागले आणि मी व माझा सख्खा मित्र यांच्यात दोन वर्षे बोलणे नव्हते. म्हणून २०१० च्या जानेवारीत त्या फुटीवरचा, गुप्ते यांचा 'झेंडा' आला तेव्हा तो मी चित्रपट म्हणून पाहिलाच नाही.

टीव्हीवर हसतमुखाने मुलांना दाद देणारा माणूस कार्यकर्त्याच्या पोटातली कळ अशी मांडील, ही माझी अपेक्षा नव्हती. प्रदर्शनापूर्वी चित्रपटाला विरोध झाला होता, आमच्या शाखेतही बरीच चर्चा होती, आणि काही जण तो न पाहताच त्याच्या विरुद्ध बोलत होते. मी दादरला एकटाच गेलो. अरविंद जगताप यांनी लिहिलेले, ज्ञानेश्वर मेश्राम यांनी गायलेले विठ्ठलाला झेंड्याविषयी विचारणारे ते गाणे सुरू झाले, तेव्हा माझ्या पुढच्या रांगेत बसलेला एक पांढऱ्या शर्टातला माणूस उठून बाहेर गेला आणि गाणे संपल्यावर परत आला. त्या चालीत अभंगाचे वळण आहे. ज्याने 'दाजिबा' केले त्याने हेही केले, हे मला घरी आल्यावर जाहिरात पुन्हा वाचताना कळले.

मग २०२३ च्या जूनमध्ये 'खुपते तिथे गुप्ते'चे तिसरे पर्व सुरू झाले आणि पहिलेच पाहुणे राज ठाकरे होते. मी आणि माझा तो मित्र (आता बोलतो आम्ही) तो भाग एकत्र पाहायला बसलो. आमच्या चाळीला दोन भागांत वाटणाऱ्या घटनेवर ज्याने चित्रपट काढला, तो त्या घटनेच्या केंद्रस्थानी असलेल्या माणसाला समोर बसवून प्रश्न विचारत होता. मित्राचे म्हणणे पडले की प्रश्न आणखी धारदार हवे होते. मला वाटते, धारदार प्रश्न विचारणारे पुष्कळ आहेत. इथे माणूस सैल होऊन बोलतो, आणि सैल झाला की कधी कधी त्याच्या तोंडून प्रश्नापेक्षा मोठे काही निघून जाते. यावर आमचे अजून एकमत नाही.

*

वरील मुद्द्याला जोडून लिहितो. मी ध्वनिसंकलनाचे काम करतो आणि अनेक वाहिन्यांच्या गप्पांचे कार्यक्रम माझ्या हाताखालून गेले आहेत. या कार्यक्रमांचे दोन-दोन भाग एका दिवसात चित्रित होतात, दिवे तापलेले असतात, पाहुण्याला पुढच्या कामाला जायचे असते, आणि पाहुणा थांबला की घाबरून पुढचा प्रश्न टाकणे ही बहुतेक सूत्रसंचालकांची खोड असते. संकलनात मला ते दोन आवाज एकमेकांवर चढलेले मिळतात आणि मधली शांतता हाती लागत नाही. गाणाऱ्या माणसांचे तसे होत नाही, असा माझा अनुभव आहे. त्यांना समेची वाट पाहायची सवय असते, समोरच्याचा श्वास कुठे संपतो हे त्यांच्या कानाला कळते, आणि म्हणून गायक-सूत्रसंचालकांचे ध्वनिमुद्रण मला कमी कात्री लावून पुढे पाठवता येते. गुप्ते यांच्यासोबत मी काम केलेले नाही, पण प्रेक्षक म्हणून ऐकताना हीच गोष्ट जाणवते. २०१५ साली त्यांनी 'एक तारा' हा गायकाच्या चढउताराचा चित्रपट काढला, तो मात्र माझ्या ओळखीच्या फार थोड्या लोकांनी पाहिला आहे.

*

माझा जन्म २००४ चा. माझ्यासाठी अवधूत गुप्ते म्हणजे 'सूर नवा ध्यास नवा'मध्ये महेश काळे यांच्या बाजूला बसणारे परीक्षक, ते गातात हे मला ठाऊक होते, पण शिक्षक पूर्वी क्रिकेट खेळत असत हे ठाऊक असावे तसे. इथल्या आठवणी वाचून मी काल रात्री 'ऐका दाजिबा' शोधून पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकले. लग्नाच्या वरातीत ते शंभर वेळा कानावर पडले होते, परंतु बँडवाल्यांच्या ट्रम्पेटमधून, आणि ते पारंपरिक गाणे आहे, त्याला कोणी संगीतकार असेल असे मला कधी वाटले नव्हते. आईला सांगितले तेव्हा ती म्हणाली की तिच्याकडे कॅसेट आहे. माळ्यावरच्या खोक्यात ती सापडली, आतला कागद जागेवर होता, कव्हर तडकलेले होते. ती लावायला घरात यंत्र नाही. ठाण्याच्या काकांनी कोणाकडे मिळेल ते सांगितले तर बरे होईल.