खडकीच्या लढाईचे १५ मिमी शिपाई: पावसाळ्यातला प्रायमर आणि लाल डगले, सल्ला हवा

५ नोव्हेंबर १८१७च्या खडकीच्या लढाईसाठी ईस्ट इंडिया कंपनीची एक पलटण रंगवायला घेतली आहे. धातूचे, सुमारे १५ मिमी उंचीचे छोटे शिपाई, एकूण ४८. स्प्रे प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा हात) वाळला की अंग रव्यासारखं खरखरीत लागतं. शिवाय लाल डगल्यावर उजळी (उठावाच्या जागी फिकी छटा) दिली की तो गुलाबी दिसतो. उपाय सांगा.

प्रतिसाद १
खरखर दमट हवेमुळे येते. जुलै-ऑगस्टमध्ये पुण्यात उघड्या गॅलरीत स्प्रे मारूच नका. (एप्रिलच्या उन्हात उलटं होतं: डबा लांब धरला तर रंग वाटेतच वाळतो आणि धुळीसारखा बसतो. २०-२५ सेंमी अंतर पुरे.) आत्ता ब्रशने लावायचा प्रायमर घ्या. एकच पातळ हात द्या, छातीवरच्या पट्ट्यांच्या खाचांत थेंब साचू देऊ नका आणि रात्रभर वाळू द्या.

बिघडलेले शिपाई अ‍ॅसिटोनमध्ये बुडवा आणि जुन्या टूथब्रशने घासा. खिडकी उघडी, हातमोजे घातलेले आणि जवळपास गॅस पेटलेला नको. हे फक्त धातूसाठी. प्लास्टिकचे शिपाई विरघळतील. मग भांड्यांच्या साबणाने धुवा.

प्रतिसाद २
लालमध्ये पांढरा मिसळला की गुलाबी होणारच. आधी तपकिरी-मरून हात द्या, त्यावर लालचे दोन पातळ हात. मरून फक्त खाचांत, काखेत आणि पट्ट्यांच्या कडेला उरू द्या. उजळीसाठी लालमध्ये थोडा नारिंगी, तोही खांदे आणि कोपरांवरच.

छातीवरचे पांढरे पट्टे आधी फिक्या राखाडीने ओढा, मग मधोमध पांढरी रेघ. दोन्ही बाजूंना राखाडीची कड उरली की पट्टा हातभर अंतरावरूनही उठून दिसतो. डोळे रंगवू नका, या मापात शिपाई दचकल्यासारखे दिसतात. गडद तपकिरी चेहरा, नाक आणि गालांवर एक छटा फिकी, बस्स.

०००चा, म्हणजे अगदी बारीक, ब्रश नको, त्याच्या टोकावरच रंग वाळतो. चांगल्या टोकाचा १ नंबर घ्या. अप्पा बळवंत चौकात हातात घेऊन, टोक तपासून घेता येतो.

आइस्क्रीमच्या काडीवर आठ-आठ शिपाई फेविकॉलने चिकटवा आणि एक रंग सगळ्यांना लावून मगच दुसरा उघडा.

प्रतिसाद ३
समोरचं मराठी घोडदळही करणार असाल तर तिथे उलटा नियम: त्यांना गणवेश नव्हता. पागोटी आणि अंगरखे वेगवेगळ्या रंगांचे हवेत, एकाशेजारी एक दोन सारखे नकोत. घोडे बहुतेक तांबडे-तपकिरी, मध्येच एखादा पांढरा.

मॅट व्हार्निशची बाटली दोन मिनिटं नीट हलवा. मॅटपणा आणणारी पूड तळाशी बसते. न हलवता लावलंत तर वरचं चकाकतं आणि तळाचं पांढरं पडतं. तसं झालंच तर वरून ग्लॉसचा एक हात द्या. पांढरेपणा बहुधा जातो, मग नीट हलवलेलं मॅट लावा.

शिपायाच्या पायाखालच्या बैठकीला बोहरी आळीतले लोखंडी वॉशर वापरा. वजनाने शिपाई कलंडत नाही, आणि डब्याच्या तळाला चुंबकाची शीट लावली की अख्खी पलटण स्कूटरवरून न हलता जाते.