मधला खांब काढून मयाल (छप्पर पेलणारी मुख्य तुळई) लोखंडानं धरता येईल का?

पांदणवाट: दिग्रसजवळच्या गावात आजोबांच्या वेळचं घर आहे. मातीच्या भिंती, सागाचा मयाल, वर कवेलू (कौलं). मयाल सोळा फूट, मधोमध खांब. यंदा भाव येईपर्यंत कापूस घरातच ठेवायचा, तर लहान भावाला तो खांब नडतो. मिस्त्री म्हणतो, "खालून अँगल ठोकून देतो, खांब काढून टाका." माळ्यावर तुरीचे कट्टे असतात. खांबाच्या बुडाशी उधईची (वाळवीची) माती दिसते. कवेलू काढून टिन टाकलं तर भार कमी होईल अन् जमून जाईल, असं भावाचं गणित. कोणी केलं आहे का?

रंधा-पटाशी: भाऊ, पहिले शिडी लावा अन् बॅटरीनं पहा, मयाल अखंड आहे का. जुन्या घरांत बरेचदा दोन तुकडे खांबाच्या डोक्यावरच खाचेत बसवलेले असतात. तसं असेल तर खांब काढला की मयाल खाली. अँगल-बिंगल काही धरत नाही.

अखंड असला तरी टेकूंमधलं अंतर आठाचं सोळा फूट झालं की त्याच लाकडावर, त्याच वजनाला ताण चौपट अन् झोल (मधला बाक) निदान सोळापट. खिळ्यांनी ठोकलेला अँगल लाकडाबरोबर कामच करत नाही, सोळा फुटांत तो स्वतःच लचकतो. मिस्त्रीला विचारा, स्वतःच्या घरी असं करशील का?

माझं ऐकाल तर खांब ठेवा, त्याचं बूड दुरुस्त करा. आधी कट्टे खाली उतरवा. मग खांबाच्या दोन्ही बाजूंना मयालाखाली जाड फळी, तिच्याखाली बल्ल्या (लाकडी टेकू) अन् स्क्रू जॅक (आटे फिरवून वर उचलणारा). भार जॅकवर येईल तेवढंच उचला. जुना झोल एका दिवसात सरळ करायला जाल तर भिंती तडकतील. पटाशीनं टोचत वर जा, टणक लाकूड लागलं की तिथून कापा. खाली काँक्रीटचा ओटा, जमिनीच्या वर निघेल असा, अन् त्यावर खांब.

मोजपट्टी: मी साइट इंजिनिअर. काढायचाच असेल तर मयालाच्या दोन्ही अंगांना लोखंडी चॅनेल (इंग्रजी C आकाराची तुळई), आरपार बोल्ट, वायसरसकट (बोल्टखालच्या चकतीसकट). माप हिशेब करूनच. पण आत्ता निम्मा भार तो खांब घेतो. तो गेला की टोकांवर दुप्पट येणार, मातीची भिंत ते सोसत नाही. दोन्ही टोकांना नवे खांब लागतील. तुमच्याकडे काळी जमीन असेल तर ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया मुरुमापर्यंत न्या. म्हणजे एक खांब टाळायला दोन उभे करायचे.

टिन हलकं, हे खरं. पण मे महिन्यातल्या वावधनात (वादळात) हलकं छप्परच उडतं. टिन फाट्यांना (छपराच्या वाशांना), फाटे मयालाला, मयाल भिंतीला, असं खालपर्यंत बांधावं लागतं. अन् कट्ट्यांचं वजन टिन टाकून कमी होत नाही.

पांदणवाट: पाहिलं. जोड बरोबर खांबावरच आहे. भाऊ आता खांबाभोवती कापूस रचायचा म्हणतो.

रंधा-पटाशी: रचा, पण हात फिरेल एवढी जागा सोडून. नाहीतर उधई वर चढली तरी दिसायची नाही.