मदत हवी आहे: रंधा मारताना न हलणारं टेबल

नमस्कार मंडळी, घरी सुतारकामासाठी ५ बाय २ फुटांचं दणकट टेबल करतोय. रंधा मारताना तसूभरही हलता कामा नये. पाय ४ इंची बाभळीचे, वर सागवानी फळ्या. जुने सागवानी वासे नागपूरच्या लकडगंजात, म्हणजे लाकूडबाजारात, मिळतील का?

खरी काळजी वरच्या फळ्यांची. आपल्या नागपुरात मे महिन्यात पारा ४५ गाठतो, लाकूड आकसतं. पावसाळ्यात तेच फुगतं, तेही रुंदीत. फळ्या चौकटीला स्क्रूने करकचून आवळल्या तर तडकणारच. मग स्क्रूची भोकं लांबट ठेवू का? आणि आडव्या पट्ट्या पायांत खाच पाडून बसवायच्या की नटबोल्टने? बोल्ट सैल झाला तरी पुन्हा आवळता येतो, म्हणून माझा कल तिकडे. कोणी केलं असेल तर सांध्याचा फोटो नक्की टाका.